सन २००२ च्या यादीत आई-वडिलांना शोधताना

माझी धाकटी बहीण जन्मली ती रात्र मला स्वच्छ आठवते. १९८१ चा श्रावण होता, नागपंचमी होऊन चार-पाच दिवस झाले होते आणि कुंभी नदीचे पाणी रानात चढल्यामुळे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडे जाणारी वाट बंद झाली होती. गावातील सुईण घरी आली, आईच्या उशाशी आजी बसली, आणि मी, तेव्हा सोळा वर्षांची, परड्यातल्या चुलीवर पाणी तापवत होते. पहाटे बाळाचे रडणे ऐकू आले. हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, माझी बहीण भारतात, कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यात जन्मली याची मी डोळ्यांदेखतची साक्षीदार आहे. नोव्हेंबर २०२५ पासून जानेवारी २०२६ पर्यंत मात्र तिचे नाव मतदारयादीत टिकवण्यासाठी आम्ही जी धावपळ केली, तिच्यात ही साक्ष कोठेही उपयोगी पडली नाही.

बहिणीचे लग्न मे २००३ मध्ये झाले आणि ती गोव्यात, म्हापशाला गेली. तिचे यजमान तेथे गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतात. गेल्या वीस वर्षांत तिने तेथील प्रत्येक निवडणुकीत मतदान केले आहे. निवडणूक आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा, म्हणजे साऱ्या याद्या घरोघरी अर्ज देऊन नव्याने तपासण्याचा, दुसरा टप्पा १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर केला. त्यात गोवा होता, महाराष्ट्र नव्हता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "आक्का, घरी अर्ज आलाय. वरती माझं नाव, फोटो सगळं छापलेलं आहे. खाली मागच्या यादीतलं नाव लिहा म्हणतात. २००२ ची यादी. तेव्हा तर मी तुमच्याकडंच होते. काय लिहू?"

अर्जाच्या त्या खालच्या भागात मतदाराने आपले किंवा आपल्या आई, वडील, आजी, आजोबा यांच्यापैकी कोणाचे नाव मागील सखोल पुनरीक्षणाच्या यादीत आहे ते लिहायचे होते. राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ, यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक, इतके सारे. ती जोडणी झाली तर कोणताही कागद द्यावा लागत नव्हता. झाली नाही तर पुढे नोटीस येणार, सुनावणी होणार आणि कागद दाखवावे लागणार. बहिणीचे वय २००२ मध्ये एकवीस होते, परंतु लग्न ठरण्याच्या बेतात असलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत कशाला घालायचे, असा विचार आमच्या घरात झाला होता. तो सर्वच घरांत होत असे. म्हणून तिचे नाव त्या यादीत असणे शक्य नव्हते. आई-वडिलांचे नक्की होते.

येथे मला माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या कामात मी अगदीच नवखी नव्हते. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका होते आणि सन २०२३ मध्ये निवृत्त झाले. त्यातील काही वर्षे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून, म्हणजे सगळे ज्याला बीएलओ म्हणतात ते काम, मी केले आहे. नव्या मतदाराच्या नावनोंदणीचा अर्ज क्रमांक ६ मी शेकडो वेळा भरून घेतला. त्या अर्जात वयाचा पुरावा लागतो, राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून वेगळा कागद मागितलेला नाही. "मी भारताचा नागरिक आहे" असे प्रतिज्ञापन अर्जदार सहीनिशी करतो, आणि ते खोटे ठरल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने मताधिकार नागरिकालाच दिला आहे याबद्दल माझ्या मनात कधी किंतु नव्हता आणि आजही नाही. मात्र इतकी वर्षे व्यवस्था अशी होती की नागरिक सांगेल ते खरे धरायचे, आणि शंका असेल तर शंका घेणाऱ्याने ती सिद्ध करायची. लाल बाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये याच धर्तीवर सांगितले होते की, ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याच्या बाबतीत ते नाव रीतसर चौकशीनंतरच घातले गेले होते हे अधिकाऱ्याने लक्षात ठेवावे, त्याला म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी द्यावी आणि ठरावीक कागदांपुरतेच पाहू नये. आता बहिणीच्या हातात आलेल्या अर्जाने तो क्रम उलटा केला होता. वीस वर्षे मत देत आलेल्या बाईने आपण कोण हे पहिल्यापासून मांडायचे होते.

मी तिला म्हटले, काळजी करू नकोस, दोन दिवसांत यादी शोधून देते. त्या दोन दिवसांचे प्रत्यक्षात सात आठवडे झाले.

महाराष्ट्राच्या २००२ च्या याद्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात, परंतु त्या छापील पानांच्या प्रतिमा आहेत. त्यात नाव टाकून शोधता येत नव्हते. मतदारसंघ निवडायचा, भाग निवडायचा, फाईल उघडेपर्यंत थांबायचे आणि पान-पान वाचत जायचे. आमचे गाव करवीर तालुक्यात, म्हणून मी करवीर मतदारसंघ उघडला. मंगळवार पेठेतील आमच्या घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या पडद्यासमोर बसून मी चार संध्याकाळी करवीरच्या याद्या वाचल्या. गाव सापडेना. मग वाटले, मतदारसंघांची रचना बदलली असेल, म्हणून आजच्या नकाशाप्रमाणे कोल्हापूर दक्षिण पाहायला गेले, तर त्या नावाचा मतदारसंघ जुन्या यादीत नाहीच. तोपर्यंत नोव्हेंबर संपला. म्हापशातील बीएलओ, अंगणवाडीतील एक सालस बाई, बहिणीला म्हणाल्या की, खालचा भाग कोरा ठेवून सही करून द्या, मुदत संपली तर नावच जाईल. अर्ज देण्याची मुदत पुढे ११ डिसेंबरपर्यंत वाढली होती. तरीही तिने भीतीने आधीच अर्ज देऊन टाकला. तिची चूक होती असे मी म्हणणार नाही.

यादी कोठे आहे हे अखेर आमच्या चुलत्यांनी सांगितले. त्यांचे वय ब्याऐंशी. मी गावी गेले आणि सहज विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "अगं, आपलं गाव तवा सांगरूळ मतदारसंघात हुतं. तू करवीर कशाला हुडकाय लागलीयास?" २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यात बारा मतदारसंघ होते आणि त्यात सांगरूळ, पन्हाळा, वडगाव, गडहिंग्लज ही नावे होती. पुनर्रचनेनंतर दहा राहिले, ही चार नावे गेली आणि कोल्हापूर उत्तर, कोल्हापूर दक्षिण अशी नवी आली. १९८८ मध्ये लग्न होऊन मी शहरात आले, त्यानंतर गावात कधी मत दिले नाही, आणि एवढी मोठी गोष्ट माझ्या डोक्यातून निघून गेली. ज्या बाईचे माहेर चारशे किलोमीटरवर आहे, जिचे चुलते हयात नाहीत आणि जिला संगणकावर पान उघडता येत नाही, तिने सांगरूळ हे नाव कोठून आणायचे? मला हा प्रश्न त्या दिवशी पडला आणि अजून सुटलेला नाही.

सांगरूळच्या यादीत गाव सापडले. गावाचे दोन भाग होते. पहिल्या भागात वडील नव्हते. दुसऱ्या भागात आमच्या घरक्रमांकासमोर एक नाव होते, "आप्पा", पुढे आजोबांचे नाव, आडनाव, वय ५५. माझ्या वडिलांचे शाळेतील नाव वेगळे होते. सातबाऱ्यावर ते नाव आहे, आमच्या शाळेच्या दाखल्यांवरही तेच होते. पण सारे गाव त्यांना आप्पा म्हणे, आणि यादी करणाऱ्याने दारात उभे राहून जे ऐकले ते लिहिले. आमच्या भागात आण्णा, तात्या, बापू, दादू या नावांनी याद्या भरलेल्या आहेत. त्याच्या खालच्या ओळीत आई होती. तिचे नाव बरोबर, पतीचे नाव "आप्पा", वय ४२. आईचा जन्म १९४६ चा, म्हणजे तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. वय विचारल्यावर तिने अंदाजाने सांगितले असेल किंवा कोणी तरी घरात नसताना शेजाऱ्याने सांगितले असेल. मीही याद्या केल्या आहेत. दुपारच्या उन्हात दोनशे घरे फिरताना असे होते. ते तेव्हा कोणाला खटकत नाही, कारण ती यादी मत देण्यासाठी असते. त्याच ओळीवर पुढे एखाद्याचे नागरिकत्व तोलले जाईल हे लिहिणाऱ्याच्या मनातही नसते.

१६ डिसेंबर रोजी गोव्याची प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी आली. बहिणीचे नाव तिच्यात होते, पण जुन्या यादीशी न जोडलेल्या मतदारांत ती मोडत होती, आणि जानेवारीत तिला सुनावणीची नोटीस मिळाली. त्याच सुमारास वर्तमानपत्रात वाचले की, गोव्यात राहणारे माजी नौदलप्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश यांनाही अशीच नोटीस गेली होती. ते वाचून बहिणीला थोडा धीर आला, मला मात्र आला नाही. ज्यांच्या सेवेची नोंद देशाच्या दप्तरात आहे त्यांचा प्रश्न सुटणारच; माझ्या बहिणीची नोंद कोणत्या दप्तरात होती?

कागदांची जी यादी दिलेली होती ती मी पुन्हा पुन्हा वाचली. जन्म दाखला, पारपत्र, मान्यताप्राप्त मंडळाचे किंवा विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमाणपत्र, सरकारी नोकरीचे किंवा निवृत्तिवेतनाचे कागद, जातीचा दाखला, कायम रहिवासाचा दाखला, १ जुलै १९८७ पूर्वी सरकारी कार्यालय, बँक, टपाल खाते किंवा आयुर्विमा महामंडळ यांनी दिलेला एखादा कागद, आणि आणखी काही. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ सप्टेंबर २०२५ च्या आदेशानंतर आधार कार्ड जोडले गेले, पण ते ओळखीपुरते, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे. बहीण नववीपर्यंत शिकली. दहावीची परीक्षा दिली नाही म्हणून मंडळाचे प्रमाणपत्र नाही. परदेशी जायचे नव्हते म्हणून पारपत्र नाही. जातीचा दाखला काढण्याची वेळ आमच्या घरात मुलांपुरती आली, मुलींवर आली नाही. माझ्याजवळ यातील चार कागद आहेत, कारण मी शिकले आणि नोकरी केली. एकाच आईच्या पोटी, एकाच घरात, दोघी जन्मलो. कागद ज्याच्या-त्याच्या शिक्षणाने, नोकरीने, मालमत्तेने जमतात. नागरिकत्व जन्माने मिळते. ही दोन मापे एकमेकांवर ठेवली की कोण बाहेर पडते हे मला माझ्याच घरात दिसले.

तिची एकच जमेची बाजू होती. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ प्रमाणे १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते, आई-वडील कोण हे पाहिले जात नाही. त्यानंतर जन्मलेल्यांना आई किंवा वडिलांपैकी एकाचे नागरिकत्व दाखवावे लागते, आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत तर आई-वडील दोघांचाही विचार होतो. म्हणजे बहिणीने फक्त आपला जन्म दाखवायचा होता.

जन्म शोधायला मी ग्रामपंचायतीत गेले. आमच्या घरातील कागद २०१९ च्या महापुरात गेले होते. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, वडिलांचे विम्याचे कागद ज्या पत्र्याच्या ट्रंकेत होते ती चार दिवस पाण्याखाली राहिली आणि उघडली तेव्हा आत लगदा होता. ग्रामपंचायतीची जुनी रजिस्टरे मात्र त्या वेळी कोणी तरी वेळेवर शाळेच्या वरच्या मजल्यावर नेली होती. ज्याने ती डोक्यावरून वाहिली त्याचे उपकार मला कधीच विसरता येणार नाहीत. ग्रामसेवकांनी १९८१ चे रजिस्टर काढून दिले. ऑगस्टच्या पानावर नोंद होती. जन्मतारीख ९ ऑगस्ट १९८१, लिंग स्त्री, वडिलांचे नाव, येथे पूर्ण आणि खरे नाव, आईचे नाव, आणि बालकाच्या नावाचा रकाना कोरा. बारशापूर्वी नोंद केली आणि पुढे नाव सांगायला कोणी गेले नाही. त्या पानावर अशा पाच नोंदी होत्या. पाचपैकी चार मुली.

त्या कोऱ्या रकान्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये नाव नंतर नोंदवण्याची सोय आहे. पालकाने अर्ज करायचा असतो. वडील २०११ मध्ये गेले. आईला घेऊन पुन्हा गेले. तिला आता नीट दिसत नाही, तरी तिने अंगठा देण्यास नकार दिला आणि सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. सोबत शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हवा, असे सांगितले गेले. शाळेत गेले, तर तेथे बहिणीची जन्मतारीख १ जून १९८१. आधार कार्डावर १ जानेवारी १९८१. एका बाईच्या तीन जन्मतारखा.

एक जूनचे कारण मला कोणी सांगायला नको होते. शाळा जूनमध्ये सुरू होई, मुलाचे वय पूर्ण भरावे म्हणून, आणि पालकाला तारीख सांगता येत नसे म्हणून, गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. एकेका वर्गात वीस-वीस मुले एकाच दिवशी जन्मलेली असत. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा नोंदी केल्या आहेत. "पावसाळ्यात झाली" एवढे सांगणाऱ्या आईसमोर मी पेन टेकवून १ जून लिहिले आहे, आणि ते मूल शाळेत आले याचाच मला आनंद होता. आज त्या मुलींपैकी कोणाला या तारखेपायी परत पाठवले जात असेल, या विचाराने मला अपराधी वाटते.

ग्रामसेवकांनी जन्मनोंदीतील तारीख ग्राह्य धरून, आईचा अर्ज आणि माझे प्रतिज्ञापत्र घेऊन नाव चढवले आणि दाखला दिला. दाखल्यावर माहेरचे नाव आले. येथे पुढची अडचण उभी राहिली. आमच्याकडे लग्नात मुलीचे केवळ आडनाव बदलत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात आणि त्या दिवसापासून तिचे स्वतःचे नाव, वडिलांच्या जागी पतीचे नाव आणि आडनाव, तिन्ही शब्द बदलतात. जन्म दाखल्यावरील बाई आणि मतदारयादीतील बाई यांच्यात एकही शब्द सारखा नाही. हा सोहळा मला प्रिय आहे. माझेही नाव असेच बदलले. पण ज्या समाजात निम्म्या मतदारांची नावे आयुष्याच्या मध्यावर अशी बदलतात, तेथे जन्माचा कागद मागताना दोन नावांना जोडणारा कागद प्रत्येकीजवळ असेल असे धरून कसे चालेल?

जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी किंवा राजपत्रातील नावबदल. लग्न गावात झाले होते, नोंदणी केलेली नव्हती. ती करायला वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या लागतात. लग्नपत्रिका पुरात गेली होती. म्हापशात बहिणीच्या जावेने एक जपून ठेवली होती, ती मिळाली. भटजी हयात नव्हते, त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र झाले. बहीण आणि तिचे यजमान रात्रीच्या एसटीने आंबोली घाटातून आले, त्यांचे दुकान दोन दिवस बंद राहिले. साक्षीला आलेल्या चुलतभावाचा त्या दिवशीचा ऊसतोडीचा रोज बुडाला. एका कार्यालयात आम्हाला असेही ऐकावे लागले की, निवडणूक गोव्याची आणि कागद येथे कशाला मागता. त्या खिडकीतील माणसाला माझ्या वयाचा मान ठेवावासा वाटला नाही, आणि बहीण डोळे पुसत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलावरील एका तरुण मुलीने तेच काम वीस मिनिटांत करून दिले. आमच्या कामाचे भवितव्य कोणत्या दिवशी कोणत्या खुर्चीत कोण बसले आहे यावर अवलंबून होते, हे मला फार लागले.

त्या दिवसांत मी बाहेरच्या देशांत असे काही झाले आहे का हे वाचू लागले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २०१३ पासून नावनोंदणीच्या वेळी नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला होता. सुमारे ३१,००० अर्जदारांची नोंदणी त्यापायी अडकली किंवा रद्द झाली. न्यायालयासमोर पुरावा आला तेव्हा सुमारे दोन दशकांत यादीत शिरलेले परके नागरिक फार तर ३९ निघाले. २०१८ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते कायम केले. न्यू हॅम्पशायर राज्यात २०२४ च्या अशाच कायद्यानंतर २०२५ च्या गावपातळीवरील निवडणुकांत लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांना जन्म दाखल्यासोबत विवाहाचा कागद आणण्यासाठी घरी परतावे लागले. तेथे फक्त आडनाव बदलते. आमच्या तीन शब्दांचे काय झाले असते?

आपल्याकडे बिहारमध्ये २४ जून २०२५ च्या आदेशाने याची सुरुवात झाली, ७.८९ कोटी मतदारांपैकी सुमारे ६५ लाख नावे १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत आली नाहीत, आणि ती नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट रोजी सांगावे लागले. त्यांतील पुष्कळ मृत, स्थलांतरित किंवा दुबार असतील. बीएलओ असताना मृतांची नावे वर्षानुवर्षे यादीत राहिलेली मी पाहिली आहेत आणि ती काढण्यासाठी मीच अर्ज क्रमांक ७ भरून घेतले आहेत. याद्या शुद्ध व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. परंतु मृताचे नाव काढण्याचे काम आणि जिवंत बाईकडून तिच्या जन्माचा पुरावा मागण्याचे काम ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्याचा सारा भार तिच्यावरच टाकलेला आहे.

सुनावणीला मी बहिणीसोबत गेले. सकाळी साडेनऊची वेळ होती, आमचा क्रमांक दीडनंतर आला. व्हरांड्यात बसलेल्यांमध्ये बायका जास्त होत्या. कोणी सावंतवाडीच्या, कोणी बेळगावच्या, दोघी चंदगडच्या. प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत घरातले सारे कागद. माझ्या शेजारी एक म्हातारी होती. तिच्या पिशवीत फक्त मतदार ओळखपत्र होते, आणि तेच येथे पुरेसे धरले जात नाही हे तिला पटत नव्हते. "मत द्यायचं तर हेच दाखवत आले की मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला काय सांगावे ते मला सुचले नाही.

आत अधिकारी सौजन्याने वागले. सांगरूळच्या यादीचे छापील पान, जन्म दाखला, विवाह नोंदणी, आधार कार्ड, सारे त्यांनी पाहिले. आईच्या वयातील फरक त्यांनी लगेच हेरला. "आईचं वय बेचाळीस आणि मुलगी एकवीस, हे जुळतं, पण आईच्या आधारवर जन्म १९४६ आहे," ते म्हणाले. मी उभी राहून म्हटले की, साहेब, हिच्या जन्माच्या वेळी मी तेथे होते. त्यांनी मान हलवली, माझ्याकडे पाहून किंचित हसले आणि जन्म दाखल्याचा क्रमांक लिहून घेतला. दहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो.

अंतिम यादीत बहिणीचे नाव आले. तिने अनुक्रमांकाचा फोटो मला पाठवला. आमच्या एकूण अकरा खेपा झाल्या आणि गाडीभाडे, प्रतिज्ञापत्रे, झेरॉक्स मिळून साधारण सहा हजार रुपये गेले. बुडालेले रोज वेगळेच. निवृत्तिवेतन मिळते म्हणून मला ते झेपले.

तेव्हापासून गावातून फोन येऊ लागले आहेत. गावच्या पुष्कळ मुली गोव्यात, कर्नाटकात, गुजरातेत दिल्या आहेत. मी सांगरूळ मतदारसंघातील आमच्या गावच्या दोन्ही भागांची सारी पाने छापून घेतली आणि घरक्रमांकाप्रमाणे लावून एका फाईलमध्ये ठेवली आहेत. आप्पा म्हणजे कोण, दादू म्हणजे कोण, हे चुलत्यांना विचारून प्रत्येक नावासमोर पेन्सिलीने खरे नाव लिहिते आहे. त्यांची आठवण शाबूत आहे तोवर हे संपवायचे आहे. १९८१ च्या त्या पानावरील बाकीच्या तीन मुलींपैकी दोघींचा पत्ता लागला आहे. एक इचलकरंजीत आहे, दुसरी अहमदाबादेत. त्यांच्या आया अजून गावातच आहेत. बुधवारी ग्रामपंचायत उघडल्यावर त्या दोघींना घेऊन मी नावे चढवायला जाणार आहे.